संघ कोणाच्या मालकीचा?



मालक बदलणे म्हणजे काय, हे वऱ्हाडच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. एका काळी या मुलखात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल एकाच शेतावर चालत असे. त्या दोअंमलीत रयतेने दोन धन्यांना तोंड कसे द्यावे याचा पुरता अनुभव घेतला. १८५३ साली निजामाने तह करून वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ साली वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून त्याचा कायमचा पट्टा झाला, आणि पुढच्याच वर्षी तो मध्य प्रांताला जोडला गेला. तरी कागदावर धनी निजामच! १९३६ च्या करारानंतर तर निजामाच्या किताबात वऱ्हाडचे नाव अधिकृतपणे घातले गेले आणि त्याच्या युवराजाला वऱ्हाडचा राजपुत्र म्हणू लागले. पुढे १९५० साली आपण मध्यप्रदेशात होतो, १९५६ साली मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो. अमरावतीच्या एखाद्या गृहस्थाने आयुष्यभर आपल्या वाड्याचा उंबरठा सोडला नसेल, तरी त्याच्या घरावरील सत्ता चार वेळा बदलली असेल. कचेरीवरील पाट्या बदलल्या; शेतातला कापूस मात्र तोच राहिला.

हा इतिहास आठवण्याचे कारण एवढेच, की आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तोही मालकीचाच आहे. पण ती मालकी जमिनीची नव्हे, खेळाच्या संघाची. संघाचा मालक बदलला म्हणजे संघाचे काय होते, आणि त्या संघावर जीव लावून बसलेल्या प्रेक्षकाचे काय होते? प्रश्न वरवर पाहता हलका वाटतो. मैदानावर अकरा माणसे चेंडू खेळतात, त्यांना पोसणारा कोण याची उठाठेव आपण का करावी? परंतु ज्याने कधी तरी एखाद्या संघाच्या पराभवाने रात्रीचे जेवण टाकले आहे, त्याला हा प्रश्न हलका वाटणार नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शेजारच्या इंदूरचे आहे, आणि त्यात आपलाही वाटा आहे. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म झाला. मुंबईच्या जिमखान्यावर १ डिसेंबर १९२६ रोजी इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. च्या संघाविरुद्ध त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा काढल्या, आणि १९३२ साली लॉर्ड्‌सवर भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचे ते कर्णधार झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु हा नागपूरचा पुरुष नागपुरात राहिला नाही. १९२३ साली होळकर दरबाराने त्यांना इंदुरास बोलावले, सैन्यात कप्तानाचा हुद्दा दिला, पुढे कर्नल केले. नागपुरात त्यांना मान होता. पण निव्वळ मानावर संसार चालत नाही आणि सरावासाठी दिवसभर मोकळीकही मिळत नाही. ती मोकळीक राजाच देऊ शकत होता. त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू आणि डावखुरा गोलंदाज हिरालाल गायकवाड हेही नागपूरचेच. तेही पुढे होळकरांच्या संघातून खेळले. आमच्या मध्य प्रांत व वऱ्हाडचा संघ रणजी करंडकाच्या १९३४-३५ च्या पहिल्या हंगामापासून मैदानात होता. पण नागपूरच्या मातीत उगवलेले पीक इंदूरच्या कोठारात जात होते, आणि येथील प्रेक्षक आपल्याच माणसांची कीर्ती वर्तमानपत्रांतून वाचत होता.

इंदूरच्या कोठारात काय जमले ते पाहा. १९४१-४२ साली होळकर या नावाने संघ रणजी स्पर्धेत उतरला आणि १९५४-५५ पर्यंत चौदा हंगाम खेळला. या चौदांपैकी दहा हंगामांत तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि चार वेळा त्याने करंडक जिंकला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर अशी माणसे एका छत्राखाली आली. १९४५-४६ च्या हंगामात म्हैसूरविरुद्ध या संघाने ८ गडी बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. त्या एका डावात सहा जणांची शतके होती! त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात होळकरांपुढे ८६७ धावांचा डोंगर होता. महूच्या छावणीत लष्करी नोकरीवर असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्या सामन्यात होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावांवर राहिला. सामना ३७४ धावांनी गेला. पण हरतानासुद्धा ज्याची गोष्ट सांगावी असा तो संघ होता.

राजाश्रयाची निंदा करणे आज सोपे आहे. परंतु न्यायाने बोलायचे तर हे मान्य केले पाहिजे, की मालकाने मोठा संघ उभा केला. सभासदांच्या वर्गणीतून असा संघ त्या काळी उभा राहिला नसता. यशवंतराव होळकरांना खेळाची आवड होती, पैसा होता, आणि माणूस ओळखणारे कर्नल नायडू जवळ होते. एका माणसाची इच्छा आणि दुसऱ्याची नजर एकत्र आली म्हणजे किती झपाट्याने काम होते, त्याचा हा नमुना आहे.

आता मालक बदलण्याची कथा. २८ मे १९४८ रोजी होळकर संस्थान मध्यभारत संघराज्यात विलीन झाले. राज्य गेले, खजिना गेला, सैन्य गेले. मग ज्याला आपण राजाचा संघ म्हणतो, तो त्याच दिवशी संपावयास हवा होता. तसे झाले नाही! होळकरांच्या चार विजयांपैकी १९४५-४६ व १९४७-४८ चे दोन विजय संस्थान असताना मिळाले. १९५०-५१ व १९५२-५३ चे दोन विजय संस्थान विलीन झाल्यावर मिळाले. ज्या राज्याचे नाव नकाशावर नव्हते, त्याच्या नावाने अकरा माणसे मैदानावर उतरत होती आणि देशातील सर्वश्रेष्ठ ठरत होती. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मालकी संपल्यावरही सात वर्षे तो संघ तगला, कारण तोवर तो इंदूरकरांचा झाला होता. खेळाडू गावात राहत होते, मैदान गावात होते, आणि त्यांचा खेळ पाहून एक पिढी वाढली होती.

पण हे तगणे उधारीचे होते. १९५४-५५ चा अंतिम सामना इंदुरातच झाला. तो मद्रासने जिंकला आणि आपला पहिला रणजी करंडक नेला. त्या सामन्याबरोबर होळकर हे नाव स्पर्धेतून मिटले. पुढल्या हंगामात मध्यभारत या नावाचा संघ खेळला, आणि १९५७-५८ पासून मध्यप्रदेशचा. मैदान तेच, बरेचसे खेळाडूही तेच. पण तो दरारा राहिला नाही. १९५३ नंतर त्या भागाच्या संघाने रणजी करंडक पुन्हा उचलला तो २०२२ च्या जूनमध्ये, म्हणजे ६९ वर्षांनी. त्या वेळी सगळीकडे लिहून आले, की मध्यप्रदेशाचा हा पहिला विजय. कागदाने पाहिले तर ते बरोबरच आहे. परंतु इंदूरच्या एखाद्या वृद्ध रसिकाने बोटे मोजून 'हा पाचवा' असे म्हटले असते, तर त्याला खोटे कोणी ठरवावे? ९१२ धावांचा तो डाव आज कोणाच्या खात्यावर मांडावयाचा? विजयांचा वारसा हा मालकाचा, नव्या संस्थेचा, की ज्यांनी तो पाहिला त्यांचा?

येथे शेजारचे दुसरे उदाहरण घेतले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. बडोदा हेही संस्थानच. तेथेही राजाश्रय होता, तेथील संघानेही त्याच काळात रणजी करंडक जिंकला. संस्थान गेले, पण बडोद्याचा संघ आजही बडोदा याच नावाने खेळतो. फरक कोठे पडला? बडोदा हे गादीचेही नाव होते आणि गावाचेही. गादी गेली, गाव राहिले. नावाला उभे राहण्यास जागा मिळाली. होळकर हे मात्र घराण्याचे नाव. घराण्याची सत्ता गेली तेव्हा त्या नावाखालची जमीनच सरकली. यावरून पहिला धडा असा निघतो, की संघाला धन्याचे नाव दिले तर ते धन्याबरोबर जाते, आणि गावाचे नाव दिले तर ते राहण्याचा संभव असतो.

मी संभव म्हटले, खात्री म्हटले नाही. कारण आपल्या काळात एक तिसराच मालक आला आहे. तो राजा नाही आणि मंडळही नाही. तो भांडवलदार आहे. २००८ साली आय. पी. एल. सुरू झाली तेव्हा शहरांच्या नावांचे संघ लिलावात विकले गेले. हैदराबादचा डेक्कन चार्जर्स हा संघ एका वृत्तपत्रकंपनीचा. त्याने २००९ साली स्पर्धा जिंकली आणि २०१२ साली मालकाच्या आर्थिक अडचणींत तो नाहीसा झाला. त्या जागी नवा मालक, नवे नाव, नवा रंग आला. आपल्या पुण्याचा अनुभव याहून बोधप्रद आहे. एफ. सी. पुणे सिटी हा फुटबॉलचा संघ २०१४ साली स्थापन झाला, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात खेळू लागला, पोरांनी त्याचे झेंडे शिवून घेतले. २०१९ साली पैशाचे गणित बिघडले, संघ मोडला, आणि त्याची स्पर्धेतील जागा हैदराबादच्या नव्या मालकांनी घेतली. पुढे २०२५ साली हैदराबादचाही संघ दिल्लीस गेला. नावात गाव होते. तरी गावाला कोणी विचारले नाही. पुण्याच्या ज्या मुलाने तो झेंडा शिवला, त्याने आता हैदराबादसाठी ओरडावे, की दिल्लीसाठी, की गप्प बसावे?

दूरच्या देशांतही हाच खेळ चालला आहे. कॅनडातील विनिपेग हे हाडे गोठविणाऱ्या थंडीचे शहर. तेथे बर्फावरची हॉकी म्हणजे आपल्याकडे कुस्ती जशी, तसा घरोघरचा विषय. त्या गावचा 'जेट्‌स' नावाचा संघ १९९६ साली नव्या मालकांनी अमेरिकेतील फिनिक्स या वाळवंटातल्या शहरात नेला. संघ वाचविण्यासाठी लोकांनी वर्गण्या जमविल्या, शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले. पण गाडी सुटलीच. २०११ साली दुसऱ्याच एका गावाचा, अटलांटाचा, संघ विनिपेगला आला आणि त्याने जुने 'जेट्‌स' हेच नाव घेतले. गावात आनंदीआनंद झाला. परंतु गंमत पाहा: जुन्या संघाचे विक्रम कायद्याने फिनिक्सकडे राहिले. ज्याच्या खेळावर विनिपेगकरांनी जीव टाकला, त्याच्या धावपळीचा हिशेब वाळवंटात, आणि नाव बर्फात! शिवाय, ज्या अटलांटाचा संघ आला, तेथील शौकिनांचे डोळे कोणी पुसले? एका गावाची दिवाळी दुसऱ्या गावाच्या शिमग्यावर साजरी झाली.

इंग्लंडातील विंबल्डनच्या फुटबॉल शौकिनांनी मात्र दुसरी वाट धरली. त्यांच्या संघाच्या मालकांना तो मिल्टन कीन्स नावाच्या दूरच्या नव्या शहरात न्यावयाचा होता, आणि २००२ साली तशी परवानगी मिळाली. तेव्हा प्रेक्षकांनी आपापसांत वर्गणी काढून त्याच वर्षी स्वतःचा नवा संघ उभा केला, गल्लीतल्या सामन्यांपासून सुरुवात केली, आणि नऊ वर्षांत तो व्यावसायिक स्पर्धेत परत आणला. तेथे मालक प्रेक्षकच आहेत. जुन्या संघाने १९८८ साली जिंकलेल्या करंडकाचा मान आज हे प्रेक्षक सांगतात, नव्या शहरातील संघ सांगत नाही. वारसा कोणाचा, या प्रश्नाचे एक उत्तर असे मिळाले.

आता आपल्या घरी येऊ. अमरावतीत प्रेक्षकांनी मालक होण्याची कल्पना नवी आहे काय? १९१४ साली वैद्य बंधूंनी येथे हनुमान आखाडा सुरू केला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांना करून दाखविली. हे मंडळ कोणा संस्थानिकाचे नव्हते. कार्यकर्त्यांच्या घामावर आणि लोकांच्या देणग्यांवर ते वाढले. त्याने नाव घेतले तेही देवाचे. आणि हनुमंताची बोली लावणारा अजून जन्मावयाचा आहे. निजामाचे नाव गेले, इंग्रज गेला, तीन राज्ये बदलली. मंडळ जागच्या जागी आहे.

विदर्भाच्या क्रिकेटची कथाही याच जातीची, पण तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९५६ साली आपले आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. त्या वेळी मुंबईच्या किंवा महाराष्ट्राच्या संघात आपण विरघळून गेलो असतो, तर नवल नव्हते. तसे झाले नाही. १९५७-५८ पासून विदर्भ या नावाने आपला संघ रणजी स्पर्धेत उतरला. राज्य एक, संघ अनेक! आणि खेळावयाचे ते पुन्हा मध्य विभागात, जुन्याच शेजाऱ्यांशी. नावात गाव नव्हे, सबंध मुलूख होता. मालक कोणी नव्हता. याची किंमत मात्र आपण रोख मोजली. पुढील सहा दशके विदर्भाने एकदाही अंतिम सामना पाहिला नाही. कोणी राजा कॉम्प्टनला आणीत नव्हता, कोणी शेठ चांगला गोलंदाज विकत घेत नव्हता. अकोल्याचा किंवा अमरावतीचा शौकीन सकाळी वर्तमानपत्र उघडी आणि विदर्भाचा पराभव इतक्या सवयीने वाची, की जणू बाजारभावच वाचीत आहे. मालकाविना संघ टिकतो हे खरे. पण नुसते टिकणे म्हणजे खेळणे नव्हे, हेही तितकेच खरे.

मंडळाची मालकी म्हणजे आपोआप लोकांची मालकी, असाही भ्रम नसावा. मंडळांतही नावाला सभासद आणि कामाला दोन-चार धनी अशी दोअंमली माजते. पुन्हा, वरून येणारा कायदा केव्हा दार वाजवील ते सांगता येत नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या कारभारात एका राज्याला एकच मत हे तत्त्व मान्य केले. ते तसेच राहते, तर मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ यांना एका मतासाठी पाळीपाळीने उभे राहावे लागले असते. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने त्यात बदल करून तिघांनाही पूर्ण सभासदत्व दिले. साठ वर्षांची सलग वहिवाट त्या वेळी विदर्भाच्या बाजूने बोलली. हरत का होईना, आपण त्याच नावाने खेळत राहिलो होतो; ते हरणे फुकट गेले नाही.

आणि तोवर हरणेही थांबले होते. मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, वसीम जाफर खेळावयास आला, कर्णधारपद फैज फजलकडे होते. उपान्त्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या पाच धावांनी मात केली. अंतिम सामना दिल्लीशी. रजनीश गुरबानीने त्यात लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी टिपले. आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने नऊ गडी राखून पहिला रणजी करंडक जिंकला. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून दुसरा, आणि २०२४-२५ साली केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसरा. मुंबईची माणसे घेऊन जिंकला, असे कोणी म्हणेल. म्हणो! इंदूरने नागपूरची माणसे नेली होती. आपण मुंबईची आणली. पाहुण्यांना नेमण्याचा निर्णय येथे झाला आणि करंडक येथेच राहिला, एवढे पुरे आहे. तेच पंडित पुढे मध्यप्रदेशास गेले, आणि २०२२ चा विजय त्यांच्याच हाताखाली झाला; खेळाच्या विद्येला सरहद्द नसते.

यावर तरुण श्रोता विचारील: मग लिलावाचे संघ पाहूच नयेत काय? अवश्य पाहावेत. अमरावतीचा जितेश शर्मा २०२२ ते २०२४ पंजाबच्या संघातून खेळला, तेव्हा आपले गाव तीन वर्षे पंजाबी झाले होते. २०२५ साली तो बंगळुरूकडून खेळला आणि जिंकला, तेव्हा आपण एका रात्रीत कानडी झालो. त्यात वाईट काहीच नाही. माणसाच्या कौतुकाला मालक लागत नाही. फक्त त्या कौतुकात आणि आपल्या संघावरील मायेत असलेला भेद विसरू नये. पहिल्याच्या बाबतीत आपण गिऱ्हाईक असतो. दुसऱ्याच्या बाबतीत वारस.

वारसाला हक्क असतो, तशी जबाबदारीही असते. गावाच्या नावाचा संघ, गावातले मैदान, आणि निर्णयात गावाचा आवाज, या तिन्ही गोष्टी असतील तेथे मालक आला-गेला तरी खेळ राहतो. नाव आपल्याकडे आहे. मैदानावर दुकाने उठू न देणे आणि क्लबाच्या वार्षिक सभेला वर्षातून एकदा तरी हजर राहणे, हे काम मात्र कोणी राजा येऊन करणार नाही.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. विदर्भाने तो पहिला करंडक जिंकला, ते मैदान कोणते? इंदूरचे. ज्या गावाने एका काळी आमचे नायडू नेले, त्याच गावी, साठ वर्षांच्या पराभवांनंतर, आमच्या बिनमालकाच्या संघाने विजय मिळविला. आणि त्या मैदानाला २०१० साली नवे नाव देण्यात आले, ते होते होळकर. राज्य नाही, संघ नाही, राजा नाही; तरी गावाने ते नाव पुसू दिले नाही. १९५५ साली जे नाव मालकाबरोबर गेले होते, ते पंचावन्न वर्षांनी प्रेक्षकांच्या आठवणीतून परत आले. संघ कोणाच्या मालकीचा, याचा निवाडा त्या दगडी पाटीवर झालेला आहे, असे मला वाटते.